वाऱ्याच्या दिवसांसाठी लाइफ जॅकेट कोणते घ्यावे आणि कलंडलेली इल्का होडी कमी श्रमात कशी उभी करावी?

झुआरीकाठ
नमस्कार. मी दोनापावलला इल्का ६, म्हणजे पूर्वीची लेझर रेडियल, ही एकट्याने चालवायची लहान शिडाची होडी चालवते. माझे वजन ५४ किलो आहे. फेब्रुवारीनंतर दुपारी जो वारा चढतो, त्यात होडी कलंडली की ती उभी करताना मी इतकी थकते की शर्यत पुढे चालवण्याचे बळ उरत नाही. क्लबचे जाड जॅकेट होडीत परत चढताना काठाला अडते. सहा हजार रुपयांत स्वतःचे घ्यायचे आहे. पुढे चेन असलेले घ्यावे की डोक्यातून घालायचे? होडी उभी करण्याची योग्य पद्धतही सांगावी.

मुरगावचा खलाशी
मी मोठ्या यॉटवर १५० न्यूटनचे (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचे माप), पाण्यात पडताच आपोआप फुगणारे जॅकेट वापरतो आणि त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही पाहिलेले नाही. ते तुमच्या रकमेच्या कितीतरी वर जाईल. पण जिवापुढे पैशाचा हिशेब करू नये.

शिडाची दोरी
खलाशीदादा, हा सल्ला लहान होडीसाठी घातक आहे. इल्का कलंडणारच, आणि प्रत्येक वेळी जॅकेट फुगले तर माणसाला शिडाखालून बुडी मारून बाहेर येता येत नाही, काठावर चढता येत नाही आणि ते फुगवणाऱ्या वायूचे नळकांडे नवे बसवावे लागते. मी असेच घेतले होते, ते पहिल्याच सरावात फुगले आणि दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. पोहता येत असेल आणि सुरक्षा बोट जवळ असेल, तर ५० न्यूटनचे पुरते. मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड ते वर ठेवत नाही, हे लक्षात असू द्यावे. डोक्यातून घालायचेच घ्या, छातीवर काही अडकत नाही.

मिरामारकर
जॅकेट राहू द्या, शीड बदला. हूल, म्हणजे होडीचा सांगाडा, तीच ठेवून इल्का ४चे ४.७ चौरस मीटरचे शीड आणि डोलकाठीचा आखूड खालचा भाग घेतला की ५४ किलोच्या व्यक्तीला वारा आवरतो. खर्च होईल, पण आमच्या मुलीने तसेच केले आणि ती आता पुढच्या होड्यांत असते.

जुना प्रशिक्षक
ताई, थकवा जॅकेटमुळे कमी आणि घाईमुळे अधिक येतो. पाण्यात पडताच मेनशीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, ढिली करा, पण हातातून सोडू नका, कारण वाऱ्यात कलंडलेली होडी पोहणाऱ्यापेक्षा वेगाने वाहत जाते. मग व्हँग, म्हणजे शिडाखालची आडवी काठी खाली ओढून धरणारी दोरी, सैल करा. तो ताणलेला राहिला तर होडी उठताच शिडात वारा भरतो आणि ती पळते किंवा पुन्हा पडते. डोलकाठीचे टोक वारा येतो त्या बाजूला असेल, तर शीड पाण्याबाहेर येताच वारा त्याच्याखाली शिरून होडी तुमच्या अंगावर उलटेल. तेव्हा नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, धरून पाण्यात थांबा, तुमच्या शरीराच्या ओढीने नाळ हळूहळू वाऱ्याकडे वळते. त्यानंतर डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर, हुलाला लागून उभे राहा, काठ धरून मागे झुका आणि शिडाचे टोक वर आले की पाणी निथळेपर्यंत क्षणभर थांबा. ही थांबण्याची सवयच बहुतेकांना लागत नाही. किनाऱ्याजवळ होडी पालथी होऊन डोलकाठी चिखलात रुतली, तर जोर लावू नका, ती वाकते. सुरक्षा बोटीला बोलवा.

वास्कोची लाट
होडी कधीही सोडू नये, हे मीही सांगतो. मात्र हुलाला लागून उभे राहणे जड माणसाला ठीक आहे. हूलच सुमारे ५९ किलोची, त्यात शिडावर पाणी. ५४ किलोच्या व्यक्तीने सुरुवातीला बोर्डच्या टोकाकडेच सरकले पाहिजे.

जुना प्रशिक्षक
टोकाकडे सरकण्याने जोर वाढतो हे खरे, पण लाटेच्या धक्क्यात बोर्ड तुटलेले मी पाहिले आहे. आधी शरीर पूर्ण ताणून पाहावे, तरीही होडी हलली नाही तरच सरकावे. शिवाय डॅगरबोर्डची इलॅस्टिक दोरी तपासा. पालथ्या होडीतून बोर्ड निसटला तर चढायला आधार राहत नाही.

शर्यतप्रेमी
नियम कोणी सांगितलाच नाही. कलंडलेल्या होडीला शक्यतो टाळणे इतर होड्यांचे कर्तव्य आहे.

शिडाची दोरी
शक्यतो, हे आपणच लिहिले आहे. वळणखुणेजवळ गर्दीत मागच्याला वळायला जागा नसते, म्हणून पाण्यातल्या माणसाने हाक मारलीच पाहिजे.

मिरामारकर
वारा मोजूनच उतरावे. झुआरीची ओहोटी बाहेर आणि समुद्रावरचा वारा आत, अशी गाठ पडली की लाटा आखूड व उभ्या होतात. तेव्हा इल्का ४च बरी, हे पुन्हा सांगतो.

झुआरीकाठ
सर्वांचे आभार. शीड बदलणे रकमेत बसत नाही, म्हणून इल्का ६च ठेवते. जॅकेट ५० न्यूटनचे घेईन, पण पुढे चेन असलेले, कारण माझा उजवा खांदा पूर्ण वर जात नाही आणि ओले जॅकेट डोक्यातून काढणे मला जमणार नाही. चेन झाकणारी पट्टी असलेले मिळते का, ते पाहते. व्हँग आधी सोडायचा, हे मला कोणी सांगितले नव्हते. भरतीच्या वेळी किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात, सुरक्षा बोट जवळ ठेवून मुद्दाम होडी कलंडवेन, प्रथम हुलाला लागून उभी राहीन आणि मग टोकाकडे सरकून पाहीन.