एफवायबीए समाजशास्त्र: पहिल्याच तासाला नियमांचा कागद मिळालाय, कितपत मनावर घ्यायचा?

प्रवराकाठची

नमस्कार. यंदा एफवायबीएला आहे, मेजर समाजशास्त्र. बारावी सायन्सची, पण गणिताने घात केला. घरी सगळे म्हणाले सोपा विषय आहे, नोट्स पाठ केल्या की झालं. आणि इथे मॅडमनी पहिल्याच तासाला दोन पानी झेरॉक्स वाटली, वर खाली सही करून परत द्यायला लावली!

थोडक्यात असं: हजेरी ७५ टक्के, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडवणार. ४ क्रेडिटचा पेपर, ७० लेखी आणि ३० अंतर्गत, दोन्हीत वेगवेगळं पास व्हायचं, म्हणजे लेखीला २८ आणि अंतर्गतला १२ तरी हवेतच. अंतर्गतमध्ये चाचणी, एक अहवाल आणि तोंडी. अहवाल हाताने लिहायचा, उशीर झाला तर रोज १ मार्क कापणार. उतरवलेलं सापडलं तर दोघींनाही शून्य, वही देणारीलासुद्धा. चॅटजीपीटी वापरलं असेल तर कुठे वापरलं ते शेवटच्या पानावर लिहायचं. आणि वर्गात कुणी कुणाला जात विचारायची नाही.

मी गावाहून एसटीने येते, संध्याकाळी मेडिकलवर कामाला जाते. सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेलाच. हजेरीचं काय करू? अहवालाचा विषय आहे ‘शेजारचं एक कुटुंब’. त्यात लिहायचं काय? आई, वडील, मुलं, संपलं की. आणि सगळं इंग्रजीतच वाचावं लागेल का?

कट्ट्यावरचा_पक्या

अगं एवढं कुठे मनावर घेतेस. हे कागद दरवर्षी वाटतात, दिवाळीनंतर कोण बघतंय. गाईड घे, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघ, तेच तेच प्रश्न फिरून येतात. अंतर्गतला सगळ्यांना २०-२२ टाकतात, निकाल चांगला लागायला कॉलेजलाही हवाच असतो. मी वर्गात फारसा दिसलो नाही तरी एकही एटीकेटी नाही.

निवृत्त_खडू

पक्या म्हणतो तसं होतं, नाही कशाला म्हणू. एका सीनियर कॉलेजात हाच विषय शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्यामुळे ते २०-२२ कसे पडतात तेही ठाऊक आहे. पण सही घेऊन कागद परत मागणारी बाई दिवाळीनंतरही बघते, एवढं लक्षात ठेव.

आधी हजेरी. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे तुझा पेपर ६० तासांचा. त्यातले ४५ भरले की ७५ टक्के झाले. उरलेले १५ तुझ्या हातात आहेत, ते लग्नं आणि गणपतीत उडवू नकोस, एसटीसाठी राखून ठेव. टाइमटेबल काढून बघ, समाजशास्त्र रोज पहिल्याच तासाला नसणार. आणि याच आठवड्यात मॅडमना अर्ज दे, सोबत एसटीच्या पासची झेरॉक्स आणि मेडिकलवाल्यांची दोन ओळींची चिठ्ठी जोड. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी रडत येणाऱ्यांसाठी इच्छा असूनही काही करता येत नाही. पहिल्या आठवड्यात सांगणाऱ्यांची तोंडी परीक्षा दुपारी घेता येते, चाचणी दुसऱ्या तुकडीबरोबर बसवता येते.

आता अहवाल. ‘आई, वडील, मुलं, संपलं’ म्हणालीस ना, तिथेच तर सुरुवात आहे. हाच विषय मीही द्यायचे. गठ्ठ्यातले बहुतेक अहवाल ‘कुटुंब हा समाजाचा पाया आहे’ या वाक्याने सुरू व्हायचे आणि ‘आजकाल एकत्र कुटुंबपद्धती लोप पावत आहे, ही खेदाची बाब आहे’ इथे संपायचे. शेजारी कोण राहतं ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

एका मुलाचा मात्र अजून आठवतो. त्याच्या शेजारी तीन भाऊ, घर एक, चुली तीन. रेशन कार्ड मात्र एकच. सातबाऱ्यावर अजून म्हाताऱ्याचं नाव, विहिरीच्या पाण्याची भावाभावांत पाळी. डेअरीला दूध तिघांचं, पण खातं म्हाताऱ्याच्या नावावर, त्यामुळे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल आलं की तिघे ओट्यावर बसून वाटणी करायचे. थोरलीचं आणि मधलीचं बोलणं बंद, तरी खंडोबाचा कुलाचार एकत्र. पोराने शेवटी विचारलं होतं: ही तीन कुटुंबं म्हणू का एक?

जनगणनेवाला एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एक धरतो, म्हणजे त्याच्या लेखी तीन. रेशन दुकानदाराच्या लेखी एक. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्यात: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मिळकत, सामाईक देवपूजा आणि आपसांत नातं. त्या लावून बघ, चूल तेवढी तुटते, बाकीचं टिकतं. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुवा गावात पाहणी केली (१९६४ साली प्रसिद्ध झाली), तीही याच अंगाने: माणसं वेगळी राहतात म्हणून कुटुंब फुटलं असं होत नाही, पैशाअडक्याचे, जबाबदारीचे, सणावारांचे धागे कुठवर जातात ते बघायचं. त्या पोराने देसाई वाचलेले नव्हते. दुधाचं बिल बघितलं होतं.

म्हणून दोघींना शून्य. तुझ्या शेजाऱ्यांची चूल मैत्रिणीच्या शेजाऱ्यांकडे कशी निघेल? चॅटजीपीटीचंही तेच. शेवटच्या वर्षी एका अहवालात अकोले तालुक्यातल्या वाडीवरचं कुटुंब ‘सप्ताहांताला एकत्र दर्जेदार वेळ घालवत’ होतं. पावसाळ्यात, भात लावणीच्या दिवसांत! त्याला तोंडीला विचारलं, शेजाऱ्यांच्या घरी म्हशी किती? गप्प.

जातीचा नियम बारकाईने वाच. जातीवर बोलायचं नाही असं त्यात नाहीये, तो धडा तर अभ्यासक्रमात असतोच. बाबासाहेबांनी १९१६ साली, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला आणि जातीबाहेर लग्न न होणं हेच जातीचं मूळ आहे असं मांडलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण शिकशील, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या मानलेल्यांच्या चालीरीती उचलणं. हे सगळं वर्गात वाजवून बोलायचंच. नियम आहे तो मागच्या बाकावरच्या एखाद्याकडे वळून ‘तू सांग ना, तुमच्यात कसं असतं’ म्हणणाऱ्यांसाठी. तसं विचारल्यावर तो पोरगा पुढच्या तासाला येत नाही, हे मी पाहिलंय. स्वतःबद्दल ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगावं.

इंग्रजीचं म्हणशील तर पेपर मराठीतून लिही, बिनधास्त. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातल्या समाजशास्त्राच्या नोंदी गाईडपेक्षा कितीतरी बऱ्या. संज्ञा मात्र दोन्ही भाषांत पाठ ठेव, पुढे एमएला आणि सेट-नेटला लागतात. आणि दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाला घाबरू नकोस. आत्महत्या ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट वाटते, पण १८९७ च्या पुस्तकात त्याने दाखवलं की कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत, लग्न झालेल्यांपेक्षा अविवाहितांत तिचं प्रमाण जास्त दिसतं. मग एकेकट्याच्या दुःखापलीकडे काहीतरी असणार, हे त्याचं म्हणणं. मराठीतून नीट कळतं हे.

पेठेतला_अभ्यासू

यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलंय, २५०-२५० चे दोन पेपर. खडू मॅडमशी सहमत, एका गोष्टीत नाही. हाताने लिहायला लावणं म्हणजे निव्वळ छळ आहे. चॅटजीपीटीचं बघून हाताने उतरवणारे वर्गात ढिगाने आहेत, त्याने काय साधलं? ज्यांचा हात दुखतो, ज्यांना कमी दिसतं त्यांनी काय करायचं?

निवृत्त_खडू

त्या नियमावर माझाही कधी विश्वास नव्हता, मी टाइप केलेलं घ्यायचे. चोर तोंडीलाच सापडतो, अक्षरात नाही. पण ७०-८० पोरांची तोंडी दहा-दहा मिनिटं घ्यायची म्हटलं तर दोन-तीन दिवस जातात, आणि तासिका तत्त्वावरच्या बाईला तासाचेच पैसे मिळतात. मग ती हस्ताक्षराचा नियम करते. छळ आहेच, पण तो एकट्या मुलांचा नाही.

प्रवराकाठची

मॅडम, खूप आभार! काल संध्याकाळीच शेजारी जाऊन बसले. तिथे एक आजी आहेत, दोन्ही मुलगे गावातच वेगळे. आजी महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे. अमावास्येला बोचकं घेऊन जातात. त्यांना कुठल्या घरात मोजू? एकच कुटुंब घ्यायचंय ना?

निवृत्त_खडू

अगं, अख्खा अहवाल सापडला तुला. मोजायची घाई करू नकोस, दोन्ही घरं घे आणि का घेतलीस ते पहिल्या पानावर लिही. मॅडमना आधी विचार, हो म्हणतील. मग बघ: आजीचं नाव कुठल्या रेशन कार्डावर आहे, ट्रंक कुठे ठेवलीय, बीपीच्या गोळ्या कोण आणतं (तुझ्याच मेडिकलवरून जात असतील, पण दुकानातलं बिल बघून लिहायचं नाही, त्यांनी सांगितलं तरच), आजारी पडल्या तर पाळी मोडते का, लेकीकडे जातात तेव्हा तो महिना कुणाच्या हिशोबात धरतात.

आजींना स्पष्ट सांग की हे कॉलेजला द्यायचंय. दोन्ही सुनांनाही सांग, एकीलाच सांगितलंस तर दुसरी दारात उभी करणार नाही. नावं बदल, गावाचंही. जमिनीच्या वाटणीचं आपण होऊन विचारू नकोस, त्या बोलल्या तर ऐकून घे आणि लिहू का म्हणून पुन्हा विचार. समोर वही उघडून बसू नकोस, घरी येऊन त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत अर्धं विसरायला होतं.

आणि हजेरीचा अर्ज दिलास का?