देवी गप्प, पुजारणींची गोची

सहा पुस्तकं सहा लेखकांची म्हणून सगळी मालिका विस्कळीत झालीय हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. 'वॉर ऑफ द स्पायडर क्वीन' (२००२ ते २००५) या फँटसी कादंबऱ्यांच्या मालिकेत भाषा बदलते खरी, आणि काही पात्रं मधेच वेगळी वाटायला लागतात, पण मूळ कल्पनाच इतकी भारी आहे की मी तेवढं खपवून घेतलं. म्हणजे बघा ना, मेन्झोबेरान्झन या जमिनीखालच्या शहरात सगळी सत्ता पुजारणी बायकांकडे, ती का तर देवी लॉल्थ त्यांना मंत्र देते म्हणून, आणि एक दिवस ही जाळी विणणाऱ्या कोळ्यांची देवी गप्पच होते, ना कोप ना कौल, काहीच नै. मग काय करायचं? बोंब मारायची सोय नाही, कारण शेजारच्या घराण्याला कळलं तर रात्रीत गळा कापतील, आणि त्यांचेही मंत्र गेलेत हे कबूल कोण करणार! पहिल्या भागात खरं कारण कुठलं आणि मोहीम कुठली, तर पळून गेलेल्या पुरुषांना शोधायला फॅरॉन या जादूगाराला पाठवतात, तो रिल्ड या योद्ध्या मित्राला सोबत घेतो, आणि त्या फॅरॉन पठ्ठ्याला हळूहळू हे गुपित उमगत जातं ते मला सगळ्यात आवडलं. मुख्य पुजारीण क्वेंथेलचा तो पाच जिवंत सापांचा चाबूक पण, तिच्याशी मनातल्या मनात बोलणारा, देवी बोलेना पण चाबूक बोलतोय :)

चेड नसाद हे दुसरं शहर कोसळतं तो भाग मात्र चुकवू नका, दगड झालेल्या जाळ्यांवर टांगलेलं अख्खं शहर आणि खालून तो दगडच पेटवलेला. शेवटाबद्दल स्पॉयलर नको, पण मी जाम वैतागलो होतो.