व्हेनिस बिएनालेत 'भारतातर्फे' कोण जातं? ठरवतं कोण?

मोरपंखी_डोंबिवली
बिएनाले म्हणजे व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणारं जगभरच्या कलेचं प्रदर्शन. भाची जे.जे.त शिल्पकला शिकते. परवा जेवताना म्हणाली, "मामा, मला एकदा व्हेनिसला भारतातर्फे जायचंय." मी म्हटलं, मग फॉर्म कुठे मिळतो? तर हसायलाच लागली. पण खरंच, ही निवड होते कशी? ऑलिम्पिकसारखी चाचणी असते का? आणि आपला देश दर खेपेला असतो का तिथे?

पाडोवाकर
फॉर्म-बिर्म काही नाही हो. देशाचा एक कमिशनर असतो, म्हणजे देशाच्या दालनाची जबाबदारी घेणारा, आपल्याकडे सरकारी. मग क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, ठरतो आणि तो कलाकार निवडतो. खरी रड जागेची. व्हेनिसमधल्या जार्दिनी नावाच्या बागेत काही देशांनी कायमची दालनं बांधून ठेवलीत, पहिलं बेल्जियमचं, १९०७ चं. आपलं तिथे काही नाही. जागा भाड्याने घ्यायची म्हणजे पैसा आला आणि पैसा आला की फाईल आली. २०११ मध्ये ललित कला अकादमीने दालन मांडलं, क्युरेटर रणजित होस्कोटे. त्यानंतर एकदम २०१९. मधली आठ वर्षं बोंब.

आणि 'भारतातर्फे' हे प्रकरण दिसतं तेवढं सरळ नाही. २०११ च्या चमूत झरीना नावाच्या कलाकार होत्या. जन्म अलीगढचा, पण मुक्काम कित्येक दशकं न्यूयॉर्कला.

खडूफळा
२०१९ म्हणजे गांधीजींची १५० वी जयंती. म्हणून हलली फाईल. नाहीतर कोण विचारतो चित्रकाराला!

पाडोवाकर
@खडूफळा, जयंतीचं निमित्त होतंच, नाही कोण म्हणतंय? पण आत सरकारी पोस्टरबाजी नव्हती. मी पाहिलंय, इथून, पाडोवाहून, आगगाडीने अर्ध्या तासावर तर आहे. जितीश कल्लाटने अंधाऱ्या खोलीत धुक्याचा पडदा सोडला होता. त्यावर गांधीजींचं १९३९ चं हिटलरला लिहिलेलं पत्र सरकत होतं. सुरुवात 'प्रिय मित्र'. त्या पत्रातूनच चालत पलीकडे जायचं. माझ्या पुढच्या आजोबांच्या कोटावर दोन ओळी उमटल्या आणि विरल्या. शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतंही होती. ती अंगावर चढवून त्या मुंबईत रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. जवळून पाहिलं तर विणीचा एकेक पेड मोजता येतो. चिलखत म्हणावं की पिंजरा, हे तुम्हीच ठरवा.

मोरपंखी, भाचीला मुख्य गोष्ट सांगा. देशाच्या दालनाशिवाय बिएनालेचं स्वतःचं मोठं प्रदर्शन असतं. तिथे थेट बोलावणं येतं, दिल्लीची सही लागत नाही. २०१९ ला त्यात शिल्पा गुप्ता होती, जे.जे.चीच, शिल्पकलेचीच! तिचं लोखंडी फाटक इकडून तिकडे झुलत भिंतीवर आपटायचं, भिंतीचे टवके उडत होते. २०१५ मध्ये भारत-पाकिस्तान दोघांचंही दालन नव्हतं, तेव्हा हीच आणि लाहोरचा रशीद राणा यांनी मिळून एका जुन्या वाड्यात प्रदर्शन केलं. माझ्या मते देशाच्या यादीची वाट बघत बसण्यात काही राम नाही.

मोरपंखी_डोंबिवली
शिल्पा गुप्ता जे.जे.ची? भाचीला माहीत असणार, मलाच नव्हतं! पुढच्या बिएनालेला तिला घेऊन यावं म्हणतोय. दिवाळीची सुट्टी चालेल?

पाडोवाकर
या की! पण दिवाळी उशिरा असेल तर जपून. नोव्हेंबरात भरतीचं पाणी गावात शिरायचं, २०१९ ला भरती १८७ सेंटीमीटरपर्यंत चढली होती. २०२० पासून मोठी भरती आली की समुद्रात बांध उचलून पाणी अडवतात, तरी सखल भागात थोडं येतंच. त्यापेक्षा मे-जूनचं बघा. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते, कॉलेजचं ओळखपत्र विसरू नका.