मदत हवी आहे: कयाकवर जिवंत आमिष कसं टिकवायचं?

मंडळी, हिडकल जलाशयात कयाकवरून, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून, मरळीसाठी गळ टाकतो. आमिषाचे बारीक मासे बादलीत नेतो, पण ऊन चढलं की ते वर येऊन तोंडं उघडझाप करतात आणि थोड्या वेळात पोट वर करतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून पाणी बदलत राहतो. तेवढ्यानं भागत नाही. भोकांचा डबा दोरीनं बाजूला सोडला तर मासे मस्त तरतरीत राहतात, पण वल्हवताना तोच डबा कयाक मागे खेचतो. बॅटरीवरचा एअर पंप कुणी वापरलाय का? शिंतोड्यांनी बिघडत नाही ना? बादली पायापुढे ठेवावी की पाठीमागे? गळाला लावायचे असले तरी ते असे गुदमरून मेलेले बघवत नाहीत. बेळगाव, हुक्केरी, संकेश्वरकडच्या कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा.