विजेवरची एसयूव्ही आणि टायरची झीज
मोठी एसयूव्ही विजेवरची घेतली की प्रदूषणाचा प्रश्नच मिटला, असं म्हटलं जातं. धूर मिटतो, खरंय. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते) ब्रेक पॅडची भुकटीही कमी होते. पण गाडी जड तितकं टायरचं रबर जास्त झिजतं, आणि सिग्नल सुटताच पाय दाबला की आणखीच. हे कण पावसात गटारात, तिथून नदीत. पॅरिसने २०२४ मध्ये बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग केलं. मर्यादा पेट्रोल-डिझेलला १.६ टन, इलेक्ट्रिकला २ टन. ही सवलत टायरपुरती तरी पटत नाही.

गाडी घेऊन झालीच असेल तर हवा टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा. हवा कमी असली की दोन्ही कडा आधी झिजतात. एकच झिजत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसलीत का, ते तपासून घ्या.