मदत हवी आहे: समुद्राजवळ सोलरचं स्ट्रक्चर कशाचं घ्यावं?

नमस्कार मंडळी. देवगडला आमचं घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय. पॅनेल, इन्व्हर्टर ठरलं. गाडी अडलीय स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्यावर. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गजसुद्धा पापुद्रे सुटून खाली येतात, त्यात पॅनेल २५ वर्षं टिकणार म्हणे!

एक ठेकेदार 'जीआय आहे, गंज धरणार नाही' एवढंच सांगतो. पण नुसतं जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) म्हणून काय कळणार? १२० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त) तयार पत्र्यावर जस्ताचा थर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. हॉट डिपमध्ये (वितळलेल्या जस्तात बुडवून) जाड सेक्शनवर तो ८० च्या आसपास जातो. शिवाय साइटवर कापलं, भोक पाडलं की तिथलं जस्त गेलंच. वरून चंदेरी स्प्रे मारून देतात.

दुसरा ॲल्युमिनियम ६०६३ (मिश्रधातूचा एक ग्रेड) सुचवतोय. महाग आहे, पण खरी धास्ती नटबोल्टची. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला मिठातल्या क्लोराइडने खड्डे पडतात; ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त तग धरतं. मात्र स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल राहिली, की ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये ईपीडीएम (रबराचे) वॉशर घातले तर त्यातून वीज जात नाही, मग अर्थिंगची जोडणी कशी करता? तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला नको, एवढं माहीत आहे.

मालवण, वेंगुर्ला, गोव्याकडे कुणाचं स्ट्रक्चर चार-पाच पावसाळे काढून उभं असेल तर काय वापरलंय ते सांगा. बोल्टचा जवळून काढलेला फोटो मिळाला तर फार बरं.