कुणी लोळून हसतं, कुणी उठून जातं: असं का होतं?

कृष्णाकाठची

सांगलीत आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. या वेळी निवड माझ्याकडे होती. मी 'नेपोलियन डायनामाइट' लावला. २००४ चा आहे, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात प्रेस्टन नावाच्या छोट्या गावात घडतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कुरळ्या केसांचा, कायम तोंडाने श्वास घेणारा एक शाळकरी पोरगा, दिवसभर चॅटरूममध्ये पडीक असलेला त्याचा बत्तीस वर्षांचा भाऊ, १९८२ सालच्या फुटबॉलमधून अजून बाहेर न आलेला एक काका आणि परसात पाळलेला एक लामा (उंटाच्या जातीचा प्राणी). मित्राला शाळेच्या निवडणुकीत उभं करतात, एवढीच काय ती गोष्ट.

चहाच्या सुट्टीपर्यंत हॉलचे उभे दोन तुकडे झाले होते. उजवीकडच्या दोन मुली आणि एक डॉक्टर डोळे पुसत होते. डावीकडे सगळे मोबाइलवर. बँकेतून निवृत्त झालेले एक काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, विनोद कुठे होता तेवढं सांगा, मी तिथपासून परत बघतो." मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी उत्साहाने एक प्रसंग करून दाखवला, तर काका आणखीनच चिडले.

आवडणं-नावडणं मी समजू शकते. पण "बरा होता, टाइमपास" असं म्हणणारं एकही माणूस कसं नाही? इतर सिनेमांना निम्म्याहून जास्त लोक तेच म्हणतात. चेहऱ्यावरची माशीही हलू न देता केलेल्या विनोदालाच हे भाग्य का?

आकडेमोड

ताई, तुमच्या हॉलमध्ये जे झालं ते नेटफ्लिक्सच्याही डोक्याला ताप झालं होतं, आणि याच सिनेमामुळे! २००६ मध्ये त्यांनी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. कुठल्या ग्राहकाला कुठला सिनेमा किती आवडेल याचा अंदाज त्यांची यंत्रणा बांधायची, तो अंदाज कुणी १० टक्क्यांनी सुधारून द्यायचा. त्यासाठी दहा कोटींहून जास्त जुनी रेटिंग्ज आणि १७,७७० चित्रपटांची यादी उघडी करून दिली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, ऑफिसातले निम्मे लोक रात्री घरी जाऊन त्यावर डोकं फोडत होते. मीही फोडलं.

साधं गणित असं असतं: तुम्हाला अमुक दहा सिनेमे आवडले, ते आवडणाऱ्या लोकांना अकरावाही आवडला, म्हणजे तुम्हालाही आवडेल. बहुतेक सिनेमांना हे लागू पडतं. 'नेपोलियन'ला नाही. अगदी सारखी आवड असलेल्या दोघांपैकी एक पाच तारे देणार, दुसरा एक. सरासरी काढून तीन लिहिलं की दोघांच्याही बाबतीत तोंडावर आपटलात. एका स्पर्धकाच्या हिशोबात उरलेल्या चुकीपैकी १५ टक्के वाटा या एकट्या सिनेमाचा होता, हे २००८ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आलं होतं. बक्षीस २००९ मध्ये एका संघाने नेलं, पण या सिनेमाचं कोडं सुटलं म्हणून नव्हे.

का होतं ते मला विचारू नका. मी आकडेवाला.

टाइमलाइन

का होतं त्याचा एक भाग मी सांगू शकेन, कारण माझं पोट त्याच्या उलट काम करण्यावर चालतं. मी एडिटर आहे. मालिका, विनोदी कार्यक्रम, मधूनच एखादा सिनेमा.

विनोदी प्रसंग कापताना आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य "रिअ‍ॅक्शन लाव". पहिला काहीतरी बोलतो, दुसरा फसतो, आणि तिथे तिसऱ्याचा चेहरा लागतो: भुवया वर, डोळे बाहेर, किंवा कपाळाला हात. हशा त्या तिसऱ्या चेहऱ्यावर येतो. शूटिंगमध्ये तो घेतला नसेल तर आम्ही चोरतो. क्लॅप पडण्याआधी नट कंटाळून दिग्दर्शकाकडे बघत असतो ना, तो तुकडाही मी आश्चर्याची रिअ‍ॅक्शन म्हणून लावलेला आहे. मस्त चालला. वर एखादा 'टुंई' आवाज चिकटवला की काम फत्ते. प्रेक्षकाला आपण सांगतो, हो बाबा, हे विचित्रच आहे, या पडद्यावरच्या शहाण्या माणसालाही तसंच वाटतंय, हस आता बिनधास्त.

रंगभूमीवर तर हे फार पूर्वीपासून आहे. मुरलेला नट वाक्य टाकतो आणि थांबतो. हशा येईपर्यंत पुढचं वाक्य सोडत नाही. लाफ्टर घेणं म्हणतात ते हेच. आपण सगळे त्या थांबण्यावर वाढलेलो आहोत.

आता 'नेपोलियन'मधला तो मांसाच्या तुकड्याचा प्रसंग आठवा. काका बसून जेवतोय. पुतण्या सायकलवरून येतोय. काका ताटातला स्टेक उचलून त्याच्या तोंडावर फेकतो, नेम अचूक लागतो, चष्मा गेला. हाच प्रसंग माझ्याकडे आला असता तर मी काय केलं असतं? आधी काकाच्या डोळ्यांत चमक, मग तुकडा हवेत स्लो मोशनमध्ये, मग पोराचा क्लोजअप, मग शेजारीण. इथे यातलं काही नाही. सगळं लांबून, साध्या गतीत, आणि कुणी दचकतही नाही, जणू त्या घरात हे रोजचंच. त्या अख्ख्या गावात एकही शहाणा माणूस ठेवलेला नाही. सगळेच त्या एका तंद्रीत. म्हणजे शहाण्याची जागा रिकामी, आणि ती प्रेक्षकाने एकट्याने भरायची. ज्याला ती जागा मिळाल्याचा आनंद होतो तो लोळतो. ज्याला वाटतं की आपल्याला न सांगता कुठेतरी नेऊन सोडलंय, त्याचा संताप होतो. दोन्हीच्या मध्ये उभं राहायला जागाच नाही, म्हणून तुमचा "बरा होता"वाला सापडत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी प्रसंग करून दाखवला आणि बँकवाले काका चिडले, ते साहजिकच. डॉक्टरांनी हसत हसत दाखवला असणार.

खडूफळा

सगळं वाचलं. एडिटिंगचं पटलं, पण माझा राग वेगळा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तो पोरगा माझ्या वर्गात आहे. दर वर्षी असतोच. तोंड उघडं, शर्ट एका बाजूने बाहेर, मोठ्या बढाया मारतो, मधल्या सुट्टीत एकटा. खिचडीतला बटाटा खिशात ठेवतो. सिनेमातलाही खिशात बटाट्याचे गोळे ठेवतो आणि दुसरा एकजण लाथ मारून ते चिरडतो. त्या जागी माझ्या बाजूला बसलेला माझा मेहुणा खो खो हसला. मला नाही हसू आलं. मला त्या दुसऱ्या पोराच्या आईला बोलवावंसं वाटलं.

तुम्ही म्हणता चेहरा निर्विकार ठेवला. ठेवला, पण दिग्दर्शकाने कॅमेरा तर त्याच्यावरच रोखलाय ना? टिंगल करणारा हसत नसला म्हणजे ती टिंगल राहत नाही का? उलट आमच्याकडचे इरसाल लोक तोंड सरळ ठेवूनच समोरच्याला उघडं पाडतात.

कृष्णाकाठची

सर, रॉजर ईबर्ट या समीक्षकानेही त्याला चारपैकी दीडच तारा दिला होता, तुम्ही एकटे नाही.

पण एक गोष्ट सांगते. दिग्दर्शक जॅरेड हेस प्रेस्टनमध्येच शिकलेला. सिनेमा त्याने आणि त्याची बायको जेरुशा यांनी मिळून लिहिला आणि चित्रण त्याच गावात केलं, सगळं मिळून साधारण चार लाख डॉलरमध्ये. त्याआधी याच नटाला घेऊन विद्यार्थी असताना एक कृष्णधवल लघुपट केला होता. बाहेरून येऊन गावंढळ लोक टिपले, असं नाही ते. मला तर तो पोरगा बिचारा कधी वाटलाच नाही. त्याला स्वतःबद्दल शंका आहे असं एकदा तरी दिसतं का? शेवटी सगळ्या शाळेसमोर नाचतो तेव्हा तो कुणाला काही सिद्ध करायला नाचत नाही. मित्राचं काम अडलंय म्हणून नाचतो.

खडूफळा

गावचा असला म्हणून काय झालं. गावातलेच लोक जास्त टिंगल करतात, विचारा मला.

नाचाचं मान्य. तिथे मीही सरसावून बसलो होतो. पण बघा, तिथे गाणं आहे, ताल आहे, लोक उठून टाळ्या वाजवतात. म्हणजे टाइमलाइन म्हणतात ती परवानगी शेवटी त्यालाही द्यावीच लागली.

आपला 'वळू' घ्या (२००८). तिथेही कुणी उगाच चेहरे करत नाही. पण गावाला मोकाट बैल पकडायचाय, सगळ्यांना काहीतरी हवंय, आणि शहरातून आलेला फॉरेस्टवाला आणि शूटिंग करणारा त्याचा भाऊ हेही तितकेच हास्यास्पद दिसतात. हसणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. आमच्या गावात तो लावला तेव्हा म्हातारे "ह्यो आपला अमका" म्हणून बोटं दाखवत होते. कुणी उठून गेलं नाही.

एस्पोकर

फिनलंडहून लिहितोय, उशीर झाला, माफी.

इथे आकी कौरिस्माकी नावाचा दिग्दर्शक आहे, त्याचे सिनेमे म्हणजे याच जातीचे. २०२३ चा 'फॉलन लीव्हज' बघा, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. सुपरमार्केटमधली एक बाई आणि एक दारुडा कामगार. तो मित्राला सांगतो, मी खिन्न आहे. का? फार पितो म्हणून. का पितोस? खिन्न आहे म्हणून. दोघांचे चेहरे बस थांब्यावर उभे असल्यासारखे.

मी तो इथल्या ऑफिसमधल्या लोकांबरोबर पाहिला. मी मोठ्याने हसलो आणि एकटाच हसलो. वाटलं, यांना आवडला नाही. बाहेर आल्यावर एक सहकारी म्हणाला, फार हसलो आज. मी म्हटलं, कधी? तो गोंधळला. त्याच्या मते तो पूर्ण वेळ हसत होता.

तेव्हा मास्तर, कुणाची टिंगल होतेय हा प्रश्न इथे पडत नाही, कारण बघणाराही तसाच बसलेला असतो. तोच सिनेमा मी पुण्याला घरी लावला तर आई म्हणाली, "किती रे दुःखी माणसं, जेवली का ती?" आणि बाबा झोपले. आईचं बघणं मला जास्त खरं वाटतं कधी कधी. त्या सिनेमात रेडिओ लावला की दर वेळी युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या येतात, ती दुःखी माणसं आहेतच.

आकडेमोड

"जेवली का ती" ला पाच तारे.

टाइमलाइन

मास्तरांचा मुद्दा मी टाळत होतो, कारण तो कठीण आहे. सरळ चेहऱ्याचा विनोद कुणाच्या बाजूने आहे हे चौकटीवरून कळत नाही, हे खरंच. कॅमेरा हलवला नाही म्हणजे दिग्दर्शक दयाळू असं काही नसतं. अशा सिनेमांच्या नकला बघा, लोकांना रांगेत मख्ख उभं करतात, मागे एक रंगीत भिंत, की झाला विनोद. त्यावर मीही उठून जातो.

पण मास्तर, तुम्ही 'कोर्ट' पाहिला असेलच. २०१४ चा, चैतन्य ताम्हाणेचा. त्यात एका बाईचा खटला पुकारतात आणि न्यायाधीश तो ऐकायलाच नकार देतात, का तर तिने बिनबाह्यांचं घातलंय. पुढची तारीख. कुणी आवाज चढवत नाही, कॅमेरा मागे ठेवलेला तसाच. मी थिएटरात पाहिला तेव्हा काही लोक फिसकन हसले आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून त्यांच्याकडे असं बघितलं की बस. दोघांचंही बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

आणि त्याच सिनेमात सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन मराठी नाटकाला जातात. मुलीने परप्रांतीय मुलगा पसंत केलाय, बाप त्याला हाकलतो, आणि नाटकातलं ते थिएटर हसून टाळ्या पिटतं. वाक्य, थांबणं, लाफ्टर, सगळं आमच्या धंद्यातलं अगदी शिस्तीत. सिनेमा बघणारे आम्ही मात्र गप्प. टिंगल कुठे जास्त आहे, सांगा. जिथे हसण्याची परवानगी नीट छापून दिली आहे तिथे, की त्या बिनबाह्यांच्या तारखेत?

खडूफळा

'कोर्ट' पाहिलाय. त्या नाटकाच्या वेळी माझा हात टाळीला उठला होता, अर्ध्यात थांबला. वकील बाईंचं ते एकसुरात कलमं वाचणं तर अस्सल, आमच्या केंद्रप्रमुखांची परिपत्रकं अशीच असतात.

तरी बटाट्यावर मी ठाम आहे. त्या पोराच्या आईला बोलवायला हवं होतं.

कृष्णाकाठची

बोलवू. पुढच्या महिन्याची निवड डॉक्टरांकडे आहे, त्यांना 'कोर्ट' सुचवते. बँकवाल्या काकांना मात्र आधी सांगणार नाही की तो कुठल्या प्रकारचा आहे. "विनोदी" म्हटलं की ते वही काढून बसतात.

टाइमलाइन, तुमचा तो क्लॅपच्या आधीचा कंटाळलेला चेहरा कुठल्या मालिकेत आहे?

टाइमलाइन

निर्माता अजून काम देतो हो. नाही सांगणार.